उकाड्यातला नाताळ

ऐन उकाड्यात सूनबाई माळ्यावरून नाताळचा तारा काढत होती आणि खाली स्टूल धरून उभे असलेले सासरे तिला विरोध करत होते.

“अगं, मरियामाता अजून नाझरेथातच असेल. प्रवासाला निघालीसुद्धा नसेल ती! आणि तू तारा लावतेस?”

“बाबा, स्टूल हलवू नका. कार्यक्रम नाताळला दाखवायचा म्हणजे शूटिंग आधीच करायला लागतं. नाताळच्या दिवशी केलं तर दाखवणार कधी? ईस्टरला?”

थोरल्यांनी स्टूल पुन्हा घट्ट धरलं. घरात ते बाबा असले तरी इमारतीत आणि चर्चमध्ये सगळे त्यांना ‘थोरले’ म्हणत, कारण त्यांना एक भाऊ होता आणि त्याला सगळे ‘धाकटे’ म्हणत. दोघं भाऊ जन्मभर चर्चच्या गायकवृंदात शेजारी शेजारी उभे राहून गायले होते. मग एका नाताळच्या तालमीत, वृंद चालवणारे थोरले सगळ्यांदेखत म्हणाले, “धाकल्या, तू तोंड उघडलंस की गव्हाणीतलं गाढवसुद्धा कान पाडतं.” धाकट्यांनी गाण्यांचं पुस्तक मिटलं, पियानोवर ठेवलं आणि जे निघाले ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या चर्चमध्ये जाऊन बसले. तेव्हापासून बोलणं बंद. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा सूनबाईमार्फत जात-येत.

सूनबाईने एका चॅनेलच्या ‘आमच्या घरचा नाताळ’ या कार्यक्रमासाठी घराचा फोटो पाठवला होता. तिला वाटलं होतं, असे हजारो फोटो येत असतील. पण फोन आला, आणि फोनवरच्या माणसाने बजावलं, की कार्यक्रम लागेपर्यंत कुणाला एक शब्द बोलायचा नाही. सूनबाई शब्दाला पक्की. नवरा कामानिमित्त परगावी होता, त्याला सांगितलं. सासऱ्यांना सांगावंच लागलं. बाकी तोंडाला कुलूप.

दुपारी चॅनेलची माणसं आली. काळ्या पेट्या, दिवे, वायरींची भेंडोळी, आणि या सगळ्यांच्या पुढे एक तरतरीत दिग्दर्शिका. तिने आल्या आल्या बैठकीच्या खोलीवर नजर फिरवली आणि थोरल्यांनी सकाळभर खपून मांडलेल्या बाळ येशूच्या गव्हाणीकडे बोट केलं.

“हे जरा बाजूला घ्या. इथे झाड येईल.”

“बाजूला म्हणजे कुठे?” थोरल्यांनी विचारलं.

“फ्रेमच्या बाहेर. फ्रीजच्या मागे चालेल.”

“बाई, ज्याचा वाढदिवस त्यालाच फ्रीजमागे?”

“आजोबा, ते प्रेक्षकांना माहीत असतं हो. ते आपण गृहीत धरतो.”

“गृहीत धरलं होतं म्हणूनच मरियामातेला उतारशाळेत जागा न मिळून गोठ्यात जावं लागलं होतं,” असं म्हणून थोरल्यांनी गव्हाण उचलली आणि झाडाच्या बरोब्बर पुढे ठेवली. दिग्दर्शिकेने ती मागे सरकवली. थोरल्यांनी पुढे आणली. शेवटी तडजोड अशी झाली, की गव्हाण राहील पण गाढव झाडामागे जाईल.

मग खिडकीच्या कडेला कापसाचा बर्फ चिकटवण्यात आला. सगळ्यांना लोकरी स्वेटर चढवण्यात आले. पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणून पंखा बंद झाला आणि वर दिवे लागले. रंगभूषाकाराने थोरल्यांच्या घामावर पांढरी पावडर थापली. घाम आला की आणखी थापली. थोडक्यात, थोरले पुऱ्या थंडीच्या पोशाखात भट्टीत बसले.

“प्रार्थना छोटी हं आजोबा,” दिग्दर्शिका म्हणाली. “प्रार्थना सुरू झाली की लोक चॅनेल बदलतात.”

“मग नुसते डोळे मिटून बसतो.”

“डोळे मिटलेत तर झोपल्यासारखं दिसेल.”

डोळे उघडे ठेवून, हसत हसत, थोडक्यात प्रार्थना करण्याचा प्रयत्न थोरल्यांनी पुन्हा पुन्हा केला. शेवटी त्यांना गरगरलं. सूनबाईने त्यांना कोचावर आडवं केलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि ती बर्फ आणायला म्हणून दाराबाहेर पडली. वायरी आत यायच्या असल्यामुळे दार सताड उघडं होतं. आणि दारासमोर जिन्यातल्या मावशी उभ्या होत्या.

या मावशी वरच्या मजल्यावर राहत, असं म्हणायचं आपलं. त्या जिना चढताना दिसत, उतरताना दिसत. पण कुठे पोचताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी दारातून आत एकच नजर टाकली. तारा. झाड. कोचावर पांढरेफटक थोरले, कपाळावर पट्टी. भोवती अनोळखी माणसं, पेट्या, नळ्यांसारख्या वायरी.

“काय गं हे? नाताळ आत्ताच?”

रंगभूषाकाराने केसांवर मारलेल्या फवाऱ्याने सूनबाईचे डोळे चुरचुरत होते. तिने ते पुसले. शब्द तर पाळायचा होता, आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

“हो मावशी. यंदा... यंदा आधीच करतोय आम्ही.”

“का गं?”

“मला नाही सांगता येणार. प्लीज, विचारू नका.” आणि ती भराभरा खाली उतरली.

मावशींना विचारायची गरजच उरली नाही. परदेशातल्या एका कुटुंबाने आजारी माणसासाठी महिनोन्‌महिने आधीच नाताळ साजरा केला, अशी बातमी त्यांनी टीव्हीवरच पाहिली होती. तेव्हाही त्या खूप रडल्या होत्या. आता तर प्रसंग आपल्याच इमारतीत आला होता.

सूनबाई बर्फ घेऊन परत येईपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, की थोरल्यांना नाताळ दिसणार नाही.

पहिल्यांदा समोरच्या घरातले नवरा-बायको आले. हातात संत्री, चेहरे पडलेले. मग चर्चच्या वृंदातल्या दोन बायका आल्या, मग तळमजल्यावरचा शिंपी आला. येणारा प्रत्येकजण दारात थांबायचा, ताऱ्याकडे बघायचा आणि हुंदका गिळायचा. कॅमेरा दिसला तरी त्यांना वाटे, शेवटची आठवण म्हणून चित्रण चाललंय. सूनबाई गोंधळली. दिग्दर्शिका मात्र हरखली.

“हे शेजारी का? खरे शेजारी? आणि केवढे भावुक झालेत! कॅमेरा फिरव रे, फिरव!”

“ताई, यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी सांगते त्यांना—”

“कार्यक्रमाचं सांगायचं नाही हं! अटीत आहे ते. एवढे अश्रू मला पैसे देऊन मिळत नाहीत.”

थोरलेही सुरुवातीला खुशीत होते. एवढी माणसं एका दुपारी आपल्याला भेटायला येतात याचं त्यांना नवल वाटलं, पण वाईट वाटलं नाही. ते कोचावर पडल्या पडल्या संत्री सोलत होते. तेवढ्यात शिंप्याने त्यांचा हात हातात घेतला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “मनात काही राहिलं असेल तर बोलून टाका. मोकळं वाटेल.”

थोरल्यांनी तोंडातली फोड गिळली. त्यांनी भोवतालच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. कपाळावरची ओली पट्टी चाचपली. सगळा हिशेब एकदम लागला आणि ते संतापून उठायच्या बेतात आले. “अरे, मला काही—”

“उठू नका, उठू नका,” मावशी दारातून म्हणाल्या. “धाकट्यांना कळवलंय मी. फोन ठेवायच्या आधीच निघाले ते.”

थोरले तसेच अर्धवट उठलेले राहिले. मग हळूहळू, एकेका मणक्याने, पुन्हा आडवे झाले. पट्टी त्यांनी स्वतःच नीट करून कपाळावर ठेवली.

“पाणी देता का कुणी?” ते क्षीण आवाजात म्हणाले.

धाकट्यांच्या आधी फादर पोचले. ते सायकलवरून आले होते, धापा टाकत होते, आणि त्यांच्या खिशात आजाऱ्यांना लावायच्या पवित्र तेलाची कुपी होती. दिग्दर्शिकेने त्यांचा झगा पाहिला आणि तिला पुढचं सगळं सुचलं.

“फादर, जरा हसत आत याल? पुन्हा एकदा, दारापासून?”

फादरांनी तिच्याकडे असं पाहिलं, की ती आपण होऊन बाजूला झाली. ते थोरल्यांजवळ बसले. “पापनिवेदन करायचंय ना?”

थोरल्यांच्या मते शेजाऱ्यांपुढे आजाऱ्याचं सोंग घेऊन पडणं वेगळं. पण फादरांच्या हातून अंतिम तयारी करून घ्यायची म्हणजे भलतंच. “करायचंय,” ते म्हणाले. “सगळ्यांना बाहेर काढा.”

सगळे जिन्यात गेले. ध्वनिमुद्रण करणारा माणूस त्याचं यंत्र घेऊन स्वयंपाकघरात बसला होता, तो तसाच बसून राहिला. थोरल्यांच्या स्वेटरला लावलेला माईक काढायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

“फादर,” थोरले कुजबुजले, “मला काहीही झालेलं नाही. उकाड्याने गरगरलं, एवढंच. पण धाकला येतोय. मी ठणठणीत आहे कळलं तर तो दारातूनच परत जाईल. म्हणून मी पडून आहे. हे पाप आहे का?”

फादरांनी रुमालाने घाम पुसला. “आहे,” ते म्हणाले. “आणखी काही?”

“त्याला गाढवावरून बोललो ते. तो तसा वाईट गात नाही. नुसता घाई करतो.”

“प्रायश्चित्त म्हणून त्याला स्वतःच्या तोंडाने खरं सांगायचं.”

“सांगतो. पण फादर, नाताळपर्यंत मुदत द्या. आत्ता सांगितलं तर सगळं मुसळ केरात.”

फादरांनी क्षमा केली. मग त्यांना दुसरी अडचण दिसली. ते तेल न लावता बाहेर गेले, तर थोरल्यांनी आत काय सांगितलं ते सगळ्या जिन्याला कळणार. आणि पापनिवेदनातला शब्द बाहेर जाता कामा नये. ठणठणीत माणसाला तेल लावणं हेही बरोबर नाही.

“गुडघे दुखतात का तुमचे?” त्यांनी आशेने विचारलं.

“दुखतात म्हणजे काय! उतारवयात आणखी काय करणार ते?”

“मग तुम्ही आजारी आहात,” फादर म्हणाले आणि त्यांनी मोकळ्या मनाने कुपी उघडली.

ते उठतात तोच स्वयंपाकघराच्या दारात ध्वनिमुद्रक उभा. हेडफोन गळ्यात, चेहरा कापसाच्या बर्फासारखा.

“फादर, तो माईक... चालूच राहिला होता. मी काढायला हवे होते कानातले, पण सुचलंच नाही.”

“किती ऐकलंस?”

“गुडघ्यांपर्यंत सगळं.”

“मग तूही आता माझ्यासारखाच. मरेपर्यंत कुठे बोलायचं नाही. आणि ते यंत्रातलं पुसून टाक.”

“पुसतो. पण मी तुमच्या धर्माचा नाही, फादर.”

“कानाला धर्म नसतो, बाळा.”

फादर जिन्यात आले. पंधरा-वीस चेहरे त्यांच्याकडे वळले. मावशींनी विचारलं, “कसे आहेत हो?”

‘बरे आहेत’ म्हणावं तर गुपित फुटतं, ‘वाईट आहेत’ म्हणावं तर खोटं. फादरांनी वर छताकडे पाहिलं. “वयापुढे कोणाचं चालतं?” ते म्हणाले. “सगळं देवाच्या हातात.” आणि हे शंभर टक्के खरं असूनही जिन्यात एकच रडारड झाली.

त्या रडारडीतून वाट काढत धाकटे वर आले. सूनबाई त्यांना घ्यायला खाली गेली होती. ती त्यांच्या मागून, नजर खाली घालून येत होती. धाकटे दारात थांबले. थोरल्यांनी डोळे किलकिले केले. धाकट्याचे केस पांढरे झाले होते आणि शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती.

“दादा.”

“आलास?”

“आलो.”

मग थोरले म्हणाले, “ते गाढवाचं... मी म्हणायला नको होतं.” धाकटे म्हणाले, “मीही पुस्तक आपटायला नको होतं.” “आपटलं नव्हतंस, ठेवलं होतंस.” “मनात आपटलं होतं.” आणि मग धाकटे कोचाच्या कडेला बसले, आणि दोघांनी एकमेकांचे हात असे धरले, की जणू पुढचं गाणं सुरूच व्हायचंय.

ते सुरू झालंही. कोणी सांगितलं नाही, पण दोघं गव्हाणीकडे बघत बाळ येशूच्या जन्माचं जुनं गाणं गाऊ लागले. धाकटे नेहमीप्रमाणे पुढे पळत होते, थोरले नेहमीप्रमाणे त्यांना मागे खेचत होते. दिग्दर्शिकेने घड्याळाकडे पाहिलं, मग पाहायचं सोडून दिलं.

गाणं संपल्यावर धाकट्यांनी फादरांची बाही ओढली. “फादर, आलाच आहात तर माझंही पापनिवेदन ऐकता का? आत्ता. तिकडे गॅलरीत.”

या वेळी ध्वनिमुद्रकाने हेडफोन टेबलावर ठेवले आणि न सांगता तो थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

गॅलरीत धाकटे फादरांच्या कानाशी लागले. “फादर, दादाला काही झालेलं नाही, ते मला माहीत आहे.”

फादरांनी गॅलरीचा कठडा घट्ट धरला.

“सूनबाईने खालीच सांगितलं. म्हणाली, काका, हे टीव्हीचं शूटिंग आहे, बाबा धडधाकट आहेत. मी परत वळलो होतो. दोन पायऱ्या उतरलोसुद्धा. मग वाटलं, तो मरतोय म्हणून आलो असं दाखवलं तर आपली मान खाली जात नाही. म्हणून मी तिला म्हटलं, तू मला काही सांगितलंच नाहीस. आणि डोळे पुसत वर आलो. आता तो सोंग करतोय आणि मी त्याच्या सोंगाला फसल्याचं सोंग करतोय. हे पाप आहे का?”

“आहे,” फादर म्हणाले. “प्रायश्चित्त म्हणून त्याला स्वतःच्या तोंडाने खरं सांगायचं.”

“सांगतो, फादर. नाताळपर्यंत मुदत द्या.”

फादर सायकलवर बसले तेव्हा त्यांच्या पोटात दोन गुपितं होती. दोन्ही एकमेकांना भेटायला तडफडत होती आणि त्यांना भेटू देता येत नव्हतं.

नाताळपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना माहीत. दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली, की धाकटे भावाच्या समाचाराला येत. दाराची घंटा वाजली, की थोरले हातातलं कुंड्यांचं खुरपं किंवा गाण्याचं पुस्तक टाकून कोचावर झेप घेत आणि पांघरूण ओढत. “आज जरा उतार वाटतो,” ते म्हणत. “तुझा आवाज ऐकला, की बरं वाटतं.” धाकटे गंभीरपणे मान हलवत, नाडी बघत, आणि मग दोघं दुपारभर गाण्याच्या सुरांवरून कडाकडा भांडत. इमारतीत बोललं जाऊ लागलं, की फादरांच्या तेलाने थोरले मरणाच्या दारातून परत आले. शेजारच्या दोन इमारतींतून तेलाची चौकशी झाली. फादरांना नाही म्हणता येईना आणि हो म्हणता येईना. चर्चमध्ये माणसं मात्र वाढली.

नाताळ उजाडला. दुपारी सूनबाईच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चॅनेलने बोलायला मोकळीक दिल्यामुळे कार्यक्रमाचं आता सगळ्यांना सांगून झालं होतं. टीव्हीपुढे थोरले पांघरूण घेऊन खुर्चीत, शेजारी धाकटे, मागे शिंपी आणि मावशी, आणि दाराजवळ ताटलीत केक घेऊन फादर.

कार्यक्रम लागला. इतर घरांचे दिवे, टोप्या, भेटवस्तू झाल्या आणि मग ताऱ्यापासून सुरू होत हे घर आलं. निवेदिका गोड आवाजात म्हणाली, “श्रद्धेने डोळे पाणावलेले शेजारी,” आणि पडद्यावर शिंपी ढसाढसा रडताना दिसला. खोलीतला शिंपी संकोचला. प्रार्थना पूर्ण कापली होती. पण दोघा भावांचं गाणं मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत जसंच्या तसं होतं. एक श्वास घ्यायला थांबला की दुसरा मध्येच घुसलेला असे, त्यामुळे कात्री लावायला कुठे जागाच सापडली नव्हती. आणि गाणं संपेपर्यंत कॅमेरा गव्हाणीतल्या बाळावरून हलला नाही.

टाळ्या झाल्या. बायकांनी डोळे पुसले. मग थोरल्यांनी घसा साफ केला, पांघरूण बाजूला केलं आणि ते चांगले ताठ उभे राहिले.

“धाकल्या, सगळ्यांदेखत सांगतो. त्या दिवशी मला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. आजही नाही. तू परत जाशील म्हणून मी पडून राहिलो. मी तुला फसवलं.”

सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या.

“म्हणजे ती संत्री...” मावशी म्हणाल्या.

“गोड होती,” थोरले म्हणाले.

आता सगळे धाकट्यांकडे बघत होते. फादरांचा केकचा घास हवेतच थांबला. आता हा बोलणार, आता दोन्ही गुपितं एकदाची भेटणार, या आशेने त्यांचे डोळे चमकले.

धाकटे उठले. त्यांनी थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “एवढं फसवलंस मला. पण आजचा दिवस मोठा आहे. जा, मी तुला क्षमा केली.”

थोरल्यांनी रडत रडत त्यांना मिठी मारली. शिंप्याने टाळी वाजवली. मावशी म्हणाल्या, “देवमाणूस आहेत हो धाकटे!” भावाच्या खांद्यावरून धाकट्यांची नजर एकदा फादरांच्या नजरेला भिडली आणि घाईघाईने छताकडे गेली.

सूनबाईचे कान लाल झाले होते. तिने झटकन सुरी उचलली आणि गर्दीतून वाट काढत ती फादरांपाशी आली.

“फादर, आणखी एक तुकडा देऊ?”

“दे,” फादर म्हणाले. “मोठा दे. तोंड भरलेलं असलेलं बरं.”